नजरेचा हिशेब

पेढीवरचा अनुभवी मुनीम रोजमेळाच्या पानावरून नजर फिरवतो, तेव्हा ती पाण्याच्या धारेसारखी ओळीवरून अखंड वाहत जाते, असा पाहणाऱ्याचा समज होतो. मुनीमजींचा स्वतःचा अनुभवही तसाच असतो. प्रत्यक्षात मात्र डोळा वाहत नाही; तो उड्या मारतो. एका ठिकाणी सेकंदाचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा तो स्थिर राहतो, मग पुढच्या ठिकाणी झेप घेतो, पुन्हा थांबतो आणि मधूनच मागेही वळतो. मजकूर वाचला जातो तो या थांब्यांमध्ये. झेप चालू असताना मन जवळजवळ काहीच टिपत नाही. दिवसभरात अशा लाखभर झेपा घेणाऱ्या डोळ्याच्या धन्याला त्यांपैकी एकीचाही पत्ता नसतो.

या झेपा आणि थांब्यांची मोजदाद करून मनाच्या व्यवहारांचा अंदाज बांधणे, हा गेल्या सव्वाशे वर्षांत जगभर विकसित झालेला अभ्यासविषय आहे. त्यातील एक महत्त्वाचे काम मुंबईच्या उपनगरांतच झाले. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या टापूत पवई तलावाच्या काठी १९५८ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था म्हटली की गणित, यंत्रे आणि प्रवेशपरीक्षा डोळ्यांसमोर येतात. याच संस्थेच्या संगणकशास्त्र विभागात प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली अभिजित मिश्रा यांनी डॉक्टरेटसाठी वाचकाच्या नजरेचा अभ्यास केला. माणूस वाचताना त्याचे डोळे कोठे थांबतात, किती वेळ थांबतात आणि कोठून माघारी फिरतात, यावरून मजकुराची अवघडता आणि त्यातील छुपा अर्थ संगणकाला ओळखता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. या संशोधनावर आधारलेला दोघांचा ग्रंथ २०१८ मध्ये स्प्रिंगर या आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला.

अंगठ्याच्या नखाएवढी स्पष्ट दृष्टी

डोळ्याला उड्या माराव्या लागतात याचे कारण त्याच्या रचनेत आहे. डोळ्याच्या मागील भागातील दृष्टिपटलावर सर्वत्र सारखी दृष्टी नसते. त्याच्या मध्यभागी एक इवलासा खळगा असतो आणि बारीक अक्षर, धाग्याची वीण किंवा हिऱ्यातील डाग तेवढ्याच भागात नीट उमटतो. हात पूर्ण ताणून धरला असता अंगठ्याचे नख जेवढी जागा व्यापते, साधारण तेवढाच प्रदेश एका वेळी लख्ख दिसतो. त्यापलीकडचे जग क्रमाक्रमाने धूसर होत जाते. तरीही समोरची सारी खोली एकसारखी स्पष्ट दिसते असे वाटते, कारण डोळा त्या नखाएवढ्या खिडकीला सतत हलवत राहतो आणि मेंदू त्या तुकड्यांतून एक सलग चित्र उभे करतो.

घरातल्या मुलांना याची प्रचिती एका आरशाने घेता येते. आरशासमोर उभे राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे पाहावे आणि पुन्हा डावीकडे यावे. डोळे हलले हे निश्चित, पण ते हलताना मात्र दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या भावंडाला ती हालचाल स्वच्छ दिसते; ज्याचे डोळे हलतात त्यालाच ती दिसत नाही. झेपेच्या काळात मेंदू दृष्टीची संवेदना दडपतो, म्हणून असे घडते. जग दर झेपेला पुसट होऊन थरथरले असते, तर चालणेही कठीण झाले असते.

वाचणाऱ्या डोळ्याच्या या झेपांकडे प्रथम लक्ष वेधले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पॅरिसमधील नेत्रवैद्य लुई एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास ही निरीक्षणे नोंदवली गेली आणि त्याच काळात जर्मन शास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनीही स्वतंत्रपणे तीच गोष्ट टिपली. लोकांच्या दृष्टीसाठी आयुष्य वेचणारे झावाल पुढे काचबिंदूने स्वतःच अंध झाले. अमेरिकेतील एडमंड ह्युई यांनी डोळ्यावर छोटी टोपी बसवून तिला जोडलेल्या तरफेने झेपांची रेषा उमटवली आणि १९०८ मध्ये वाचनाच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. आजची यंत्रे डोळ्याला स्पर्शही करत नाहीत. न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर पडतो, कॅमेरा बाहुली आणि बुबुळावरची चकाकी टिपतो आणि त्यांच्या परस्पर स्थानावरून नजर कोठे आहे याचे गणित मांडले जाते. यांतील काही यंत्रे सेकंदाला हजार नोंदी करतात.

मॉस्कोचे शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांचा प्रयोग या क्षेत्रात विशेष गाजला. रशियन चित्रकार इल्या रेपिन यांच्या एका चित्रात अनेक वर्षांनी अनपेक्षितपणे घरी परतलेला माणूस आणि त्याचे चकित झालेले कुटुंबीय दाखवले आहेत. यार्बुस यांनी ते चित्र दाखवताना प्रश्न बदलले. घरची सांपत्तिक स्थिती कशी आहे असे विचारले, की नजर वस्तू आणि पोशाखांवर फिरे. माणसांची वये विचारली, की ती चेहऱ्यांवर खिळे. चित्र तेच, डोळे तेच. परंतु मनातला प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलत असे. डोळा केवळ समोरच्या वस्तूमागे धावत नाही, तो मनातील हेतूचीही चाकरी करतो, हे त्या रेषांनी दाखवून दिले.

पवईतील प्रश्न : शब्दाचा दर आणि वाक्याचे श्रम

पवईतील संशोधनाचा एक धागा व्यापारी वाचकाला चटकन समजेल असा आहे. भाषांतराचा मोबदला बहुधा शब्दांच्या संख्येवर ठरतो. पण दहा शब्दांचे एक वाक्य क्षणात भाषांतरित होते आणि दहा शब्दांचेच दुसरे वाक्य भाषांतरकाराला अर्धा तास अडवून ठेवते. वजन सारखे, पण माल निराळा. मग दर एकच का असावा? मिश्रा, भट्टाचार्य आणि कोपनहेगन बिझनेस स्कूलचे मायकेल कार्ल यांनी २०१३ मध्ये या प्रश्नावर शोधनिबंध मांडला. भाषांतर करणाऱ्यांच्या नजरेच्या नोंदींतून, थांबे आणि झेपा यांवर खर्च झालेल्या वेळावरून त्यांनी वाक्याच्या अवघडपणाचा एक निर्देशांक तयार केला. नंतर वाक्याची लांबी, त्यातील शब्दांचे अनेकार्थी असणे आणि रचनेची गुंतागुंत, या तीन गोष्टींवरून तो निर्देशांक आधीच वर्तवता येईल का, हे तपासले. एकदा संगणकाला हा अंदाज बांधता आला, की प्रत्येक नव्या वाक्यासाठी कोणाच्या डोळ्यांवर यंत्र रोखण्याची गरज उरत नाही आणि भाषांतराच्या कामाचा मोबदला श्रमांच्या जवळ जाऊ शकतो.

दुसरा धागा उपरोधाचा. ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानदाराला रोज ग्राहकांचे अभिप्राय येतात. एखादा लिहितो, ‘‘वा, काय तत्पर सेवा! तीन दिवसांत येणारा माल तीन आठवड्यांनी मिळाला, धन्य झालो.’’ माणसाला यातील टोमणा लगेच कळतो. संगणक मात्र ‘वा’, ‘तत्पर’ आणि ‘धन्य’ हे शब्द पाहून हा अभिप्राय प्रशंसेच्या खात्यात जमा करतो. अभिप्राय हजारोंनी येऊ लागले, की अशा चुकीच्या जमाखर्चावरून घेतलेले निर्णयही चुकतात.

यावर पवईच्या संशोधकांनी योजलेला उपाय कल्पक होता. एक हजार छोटे इंग्रजी मजकूर निवडले गेले. त्यांतील ३५० उपरोधिक होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते पडद्यावर वाचायला दिले आणि प्रत्येकाचा सूर अनुकूल आहे की प्रतिकूल, एवढेच सांगायला सांगितले. उपरोधाचा उल्लेखही केला गेला नाही, कारण तो शोधायचा आहे हे आधी कळले असते तर वाचनाची स्वाभाविक रीतच बदलली असती. विद्यार्थी वाचत राहिले आणि यंत्र त्यांच्या नजरेची वाट नोंदवत राहिले.

उपरोधिक वाक्यात नजर जास्त रेंगाळते, असे त्या नोंदींत आढळले. वाचक स्तुतीच्या शब्दांवरून सहज पुढे जातो, मग त्या स्तुतीशी विसंगत अशा शब्दाशी ठेचकाळतो आणि माघारी फिरून आधीचे शब्द पुन्हा तपासतो. विसंगती उलगडण्याचे ते श्रम डोळ्यांच्या हालचालीत उमटतात. मात्र वाचकाला टोमणा कळलाच नसेल, तर नजरेची वाट निराळी पडते. म्हणून नजरेवरून वाचकाला उपरोध समजला की नाही, याचाही अंदाज बांधता येतो. त्यावरचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात संशोधकांनी शब्दांवर आधारलेल्या संगणकीय पद्धतीला नजरेच्या नोंदींची जोड दिली. तोपर्यंतच्या सर्वोत्तम पद्धतीपेक्षा उपरोध ओळखण्याची अचूकता ३.७ टक्क्यांनी वाढली.

३.७ हा आकडा डोळे दिपवणारा नाही आणि संशोधकांनीही तो फुगवून सांगितला नाही. प्रामाणिक संशोधनातील प्रगती बहुधा अशीच असते. घाऊक व्यापारात अल्प नफ्यावरही पेढी पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, तसे विज्ञान अशा छोट्या, पण पडताळून पाहता येणाऱ्या वाढींवर उभे राहते. या प्रयोगांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वाचक थोडे होते, ते उच्चशिक्षित विद्यार्थी होते आणि मजकूर इंग्रजीत होता. आजीच्या, कारागिराच्या किंवा चौथीतल्या मुलाच्या वाचनाविषयी त्यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही.

देवनागरी वाचताना

मराठी-हिंदी वाचणाऱ्या डोळ्यापुढे इंग्रजीपेक्षा वेगळी कोडी असतात. इंग्रजी वाचक थांब्याच्या डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे कमी-अधिक उपयोगात आणतो, असे अमेरिकेतील कीथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रू लिपीत हा कल उलटा होतो. म्हणजे नजरेची खिडकी जन्मतः ठरलेली नसते, वाचनाची सवय तिला घडवते.

देवनागरीतील ऱ्हस्व इकार हे असेच एक कोडे. ‘कि’ लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांच्या २००२ मधील अभ्यासात, लेखन आणि उच्चार यांचा क्रम असा उलटा असलेल्या शब्दांना वाचकाचा वेळ अधिक लागतो, असे दिसून आले. वाक्यरचनेचे कोडे निराळेच. मराठी-हिंदीत क्रियापद शेवटी येते, म्हणून वाचकाला कर्ता, कर्म आणि विशेषणे मनात धरून वाक्याच्या टोकापर्यंत जावे लागते. समर हुसैन, श्रवण वसिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी २०१५ मध्ये हिंदी वाचकांच्या नजरेच्या नोंदींवरून अशा वाक्यांतील आकलनाच्या अडचणी तपासल्या.

घरातील एखादे मूल वाचताना अडखळत असेल, तर या संशोधनातून पालकांना एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नजरेने माघारी फिरणे हा दोष नव्हे. निष्णात वाचकाच्याही साधारण दहा-पंधरा टक्के झेपा मागच्या दिशेने असतात. मूल वारंवार मागे जात असेल, तर मजकूर त्याला अवघड जातो आहे याची ती खूण असू शकते. डोळे आळशी आहेत असा त्याचा अर्थ नाही. अशा मुलाला रागावण्याऐवजी आधी नेत्रतपासणी करावी आणि गरज भासल्यास वाचन-अक्षमतेची तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यावी, हे श्रेयस्कर.

बाजारातील दोन फसवे दावे

डोळ्यांचे शास्त्र माहीत नसले की खिशालाही तोशीस पडते. मिनिटाला हजारो शब्द वाचायला शिकवू, अशी हमी देणारे वर्ग महानगरांत अधूनमधून निघतात. सुशिक्षित प्रौढ माणूस समजून वाचतो तेव्हा त्याचा वेग मिनिटाला साधारण २०० ते ४०० शब्द असतो. कीथ रेनर यांचे २०१५ मध्ये निधन झाले. त्यांनी सहकाऱ्यांसह या दाव्यांची केलेली सविस्तर छाननी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वेग फार वाढवला की आकलन घटते, आणि चांगल्या वाचनाचा पाया डोळ्यांच्या कसरतीत नसून भाषेच्या जाणकारीत व शब्दसंग्रहात असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. मजकुरावरून भरभर नजर टाकून हवे ते वेचणे हे उपयुक्त कौशल्य खरे. पण त्याला वाचन म्हणता येत नाही.

दुसरा दावा अधिक घातक आहे. ‘मध्यमेंदू जागृती’च्या नावाखाली मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्याकडून रंग ओळखून घेतले जातात, मजकूर वाचून घेतला जातो आणि पालकांकडून भरभक्कम शुल्क वसूल केले जाते. व्यापारी कुटुंबेही अशा वर्गांची गिऱ्हाइके झाली आहेत. मध्यमेंदू हा मेंदूचा खराखुरा भाग आहे आणि डोळ्यांच्या झेपांची दिशा ठरवणारे एक महत्त्वाचे केंद्र त्यातच असते. पण ते प्रत्येक निरोगी मुलात जन्मापासून जागेच असते आणि बंद डोळ्यांनी पाहण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. दृष्टिपटलावर प्रकाश पडल्याविना अक्षर दिसत नाही.

पट्टी बांधली तरी नाकाच्या बाजूला फट राहते आणि मूल तेथून खाली पाहते, एवढेच यामागचे रहस्य आहे. फट पूर्ण बंद केली किंवा वस्तू त्या फटीतून दिसणार नाही अशा ठिकाणी धरली, की चमत्कार थांबतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि मंगळूरचे बुद्धिवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी या प्रकाराचा जाहीरपणे प्रतिवाद केला आहे. पैसे गेले ते गेले; खरे नुकसान मुलाचे होते. फटीतून दिसत असताना दिसत नाही असे सांगायचे आणि त्याबद्दल आईवडिलांची व पाहुण्यांची शाबासकी मिळवायची, हा धडा ते कोवळ्या वयात गिरवते. सत्य आणि अचौर्य यांना अणुव्रतांत स्थान देणाऱ्या घरात तरी या व्यवहाराचा विचार शुल्काच्या पलीकडे जाऊन व्हायला हवा.

पाहणे आणि लक्षात येणे

नजर पडली म्हणजे वस्तू दिसली, असेही नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसाच्या प्रतिमांत बारीक गाठी शोधायला सांगितले होते. त्या प्रतिमांत संशोधकांनी गोरिलाचे एक छोटे चित्र घातले होते. गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठे असूनही ते २० तज्ज्ञांच्या लक्षात आले नाही. नजरेच्या नोंदी पाहिल्यावर कळले की, त्यांच्यापैकी बहुतेकांचे डोळे थेट गोरिलावर जाऊन आले होते. मन गाठी शोधत होते, म्हणून डोळ्यांनी आणलेला गोरिला त्याने दारातूनच परत पाठवला.

व्यवहारात याचा बोध उघड आहे. स्वतः लिहिलेल्या बिलातील चूक लिहिणाऱ्यालाच सापडत नाही, कारण तेथे काय असायला हवे हे मनाला आधीच ठाऊक असते. म्हणून एकाने आकडे मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने ताडून पाहावेत, ही जुन्या पेढ्यांवरची रीत शास्त्रालाही धरून आहे. दिवसभर भिंगातून हिरे पारखणाऱ्याने किंवा वाहन चालवणाऱ्यानेही, डोळे उघडे आहेत म्हणजे सर्व दिसते आहे, या भ्रमात राहू नये.

डोळा आणि ज्ञान यांच्यातील हे अंतर जैन परंपरेला अपरिचित नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे मानले आहेत. प्रथम वस्तूची ओझरती जाणीव होते, मग ती काय असावी याची जिज्ञासा, त्यानंतर निश्चय आणि अखेर तो निश्चय मनात टिकून राहणे. डोळा आणि मन यांना वस्तूशी प्रत्यक्ष संपर्काची गरज नसते, म्हणून त्यांना अप्राप्यकारी म्हटले आहे. न्यायदर्शनाच्या मते डोळ्यातून निघणारे किरण वस्तूपर्यंत पोहोचतात. त्याविरुद्ध आचार्य पूज्यपादांनी दिलेला युक्तिवाद मार्मिक आहे : डोळा स्पर्शाने जाणत असता, तर डोळ्यात घातलेले काजळ त्याला सर्वांत आधी दिसले असते.

आधुनिक विज्ञानानुसार वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणून तो प्राचीन वाद जसाच्या तसा आजच्या प्रयोगशाळेत आणता येत नाही. एकीकडे आत्म्याच्या ज्ञानाचा विचार आहे, तर दुसरीकडे यंत्राने केलेले मोजमाप. दोहोंना एकच ठरवण्याची घाई दोहोंवरही अन्याय करते. तरीही एक साम्य कुतूहल जागवते. ईर्यासमिती पाळणारे साधु-साध्वी पुढची चार हात, म्हणजे सुमारे सहा फूट भूमी पाहत पाऊल टाकतात, हेतू जीवरक्षेचा. अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये ओबडधोबड वाटेवर चालणाऱ्यांची नजर मोजली, तेव्हा अशा वाटेवर माणूस साधारण दोन-तीन पावले पुढची जमीन पाहतो असे आढळले; तेथे हेतू तोल सांभाळण्याचा. अंतर जवळपास तेवढेच निघाले. फरक असा की साधूंनी सपाट वाटेवरही तेवढीच सावधता व्रत म्हणून स्वीकारली आहे.

नजरेची मालकी

जी विद्या उपरोध ओळखते, तीच ग्राहकाचे डोळे कोणत्या वेष्टनावर रेंगाळले हेही सांगू शकते. आता साध्या कॅमेऱ्यावरूनही नजरेचा ढोबळ माग काढता येतो. ग्राहक बोलून दाखवत नाही ते त्याच्या नजरेने उघड व्हावे, हे विक्रेत्याला सोयीचे असले तरी ग्राहकाच्या संमतीचा प्रश्न उरतोच. भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. नव्या तंत्राचा उपयोग करू पाहणाऱ्या तरुण व्यापाऱ्याने हा विचार आरंभीच केलेला बरा. पवईतील प्रयोगांत वाचकांना आपली नजर नोंदवली जात असल्याची कल्पना होती. दुकानात शिरणाऱ्या ग्राहकाला ती असेलच असे नाही.

अखेरचा प्रश्न घरातल्या पुढच्या पिढीचा. मुलीने किंवा मुलाने पेढी सोडून पाच-सहा वर्षे डॉक्टरेटच्या मागे लागायचे ठरवले, की अनेक घरांत चिंतेचे वातावरण पसरते. एवढ्या वर्षांत धंदा किती वाढला असता, हा हिशेब आधी मांडला जातो. अहमदाबादच्या जैन गिरणीमालकाच्या घरातील विक्रम साराभाईंनी केंब्रिजमधून १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे देशाच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घातला, हे उदाहरण त्या वेळी कोणाला आठवत नाही. आज केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. ती गल्ल्याच्या उत्पन्नापुढे अल्प वाटेल, पण तिच्या आधाराने विद्यार्थी स्वतःच्या पायावर अभ्यास करू शकतो. दृष्टी आणि मन यांच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्याला संगणकशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा नेत्रविज्ञान यांपैकी कोणत्याही वाटेने येता येते. अलाहाबाद आणि हैदराबाद येथील विद्यापीठांत, तसेच गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आकलनविज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण मिळते.

त्या घरात निर्णय घेताना आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा. भाषांतरकाराला श्रमाचा रास्त मोबदला मिळावा, अडखळणाऱ्या मुलाला बोल न लागता मदत मिळावी आणि पट्टीआडच्या चमत्काराला कोणी भुलू नये, यासाठी लागणारे ज्ञान कोणीतरी अनेक वर्षे बसून एकेक थांबा आणि एकेक झेप मोजली तेव्हा हाती आले. मराठी आणि गुजराती वाचणाऱ्या डोळ्यांची अशी मोजणी अजून पुष्कळ व्हायची आहे, आणि ती करायला त्या भाषा घरात बोलणारीच मुले लागतील.